चार कुंड्यांची भाजीबाग

(सांगलीतील मंडळीच्या महिला व तरुण यांच्या संयुक्त सभेत मृगाच्या तोंडावर दिलेले भाषण. छापण्यासाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



दरवेळी तुम्ही मला पाड्यांवरच्या आणि पालांवरच्या कामाविषयी बोलायला बोलावता. आज मी कुंडीत भाजी कशी लावायची, हे सांगणार आहे. या दोन्हींचा संबंध आहे, तो पुढे येईलच. आधी कुंडीकडे वळू.

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी एखादी तुळस, गुलाब किंवा कोरफड असेल. भाजी मात्र थोड्यांच्याच घरी असेल. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते: जागा नाही, वेळ नाही, आणि एकदा लावली होती पण मेली. यातल्या तिसऱ्या उत्तरावर आज मी जास्त बोलणार आहे, कारण कुंडीतले रोप का मरते हे एकदा कळले, की जागा आणि वेळ हे प्रश्न लहान होतात.

आधी अपेक्षा नीट ठेवू या. राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात आणि त्यात १०० ग्रॅम पालेभाजी असावी. पाच जणांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो. चार कुंड्या हे देऊ शकणार नाहीत, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. चार कुंड्या काय देतात? रोजची कोथिंबीर, मिरची, आणि आठवड्यातून एकदोनदा आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घालायला मूठभर पाला. ही मूठ लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या तपासलेल्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांना आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. नुसत्या पाल्याने रक्तक्षय जात नाही, गोळ्या आणि तपासणी लागतेच. पण ताटात हिरवे काही नसणे आणि मूठभर असणे यात फरक आहे. त्यावर लिंबू पिळले तर पाल्यातले लोह अंगाला अधिक लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते. हे सांगायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळीकडे सांगते.

रोप कशाने मरते

आपल्या जिल्ह्याची गोष्ट घ्या. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन, तिच्यावर ऊस, आणि उसाला पाणी. मिरज, वाळवा, पलूस या भागांत कितीतरी जमीन आज खारवट आणि चोपण झाली आहे. पाणी भरपूर दिले, निचऱ्याला वाट राहिली नाही, जमिनीतले क्षार वर आले आणि पांढरा थर धरला. दुष्काळाने जत-आटपाडीचे नुकसान केले, तर नदीकाठी पाण्यानेच जमीन बिघडवली.

कुंडी म्हणजे एक फूट रुंदीचे शिवारच. नवशिक्याची बहुतेक रोपे तहानेने मरत नाहीत, ती बुडून मरतात. आपण प्रेमाने सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या ओततो. पाने पिवळी पडली की वाटते पाणी कमी पडले, म्हणून आणखी ओततो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकऱ्याला हे माहीत असते, त्याच्याकडे यासाठी शब्द आहे: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती स्थिती. कुंडीत भाजी लावणाऱ्याने हा एक शब्द पाठ केला तरी अर्धे काम झाले.

वाफसा ओळखायचा कसा? बोट दोन पेरे मातीत खुपसा. माती बोटाला चिकटून चिखलासारखी लागली तर आज पाणी नको. कोरडी, भुसभुशीत लागली तर द्या, आणि तळाच्या भोकातून थोडे निथळेपर्यंत द्या. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा हे बरे. पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी द्यावे लागत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा लागू शकते. म्हणून घड्याळ पाहून पाणी देऊ नका, मातीला विचारून द्या.

भांडे कोणते

कुंडी विकत घेतलीच पाहिजे असे नाही. १५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, तडा गेलेला माठ, सिमेंटची किंवा खताची रिकामी गोणी, जुना टब, काहीही चालते. तळाला बोटाएवढी चार-पाच भोके हवीत आणि भांडे दोन विटांवर ठेवायला हवे, म्हणजे पाणी निघून जाते आणि गच्चीवर ओल धरत नाही. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते, पण भांडे पसरट असावे. मिरचीला दहा इंच लागतात. वांगी आणि टोमॅटोला एक फुटापेक्षा कमी देऊ नका.

इथे एक कळकळीची सूचना. आपल्याकडे तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागा आहेत आणि औषधांचे रिकामे कॅन व ड्रम सहज मिळतात. ते कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नका, आणि पाणी साठवायला तर मुळीच नको. तैलरंगाचे डबेही नकोत.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. २० लिटरची ओली कुंडी २५ ते ३० किलो भरते. अशा कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीलगत, तुळईच्या वर मांडाव्यात. घर जुने असेल तर आधी जाणत्या गवंड्याला दाखवावे.

माती कशी करायची

नुसती काळी माती भरू नका. शेतात ती सोने असली तरी कुंडीत ओली असताना गच्च बसते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग हलके काहीतरी घ्या. हलके म्हणजे भाताचे तूस, कोकोपीट, किंवा कुजलेले उसाचे पाचट. सांगलीत पाचटाला तोटा नाही, बरेचसे तर पेटवून दिले जाते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक भारा मागा, बारीक तोडा, शेणकाला शिंपडून गोणीत दोन-तीन महिने कुजवा. कच्चे पाचट मात्र घालू नका, ते कुजताना मातीतले नत्र खाते आणि रोप पिवळे पडते. ताजे शेणही नको, त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात.

उसाच्या चिपाडावर भाजी पिकते, हे मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या आपल्या गच्चीवर करून दाखवले. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिंपे, त्यात बहुतांश चिपाड आणि थोडीशी माती. माती कमी, म्हणून गच्चीवर भारही कमी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडे आणि भाज्या वाढवल्या. या सगळ्यांच्या मागे आपल्याच भागातल्या एका माणसाचा विचार आहे. ते श्रीपाद अच्युत दाभोळकर, साताऱ्याच्या दाभोळकर घराण्यातले, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त तासगावचे द्राक्ष बागायतदार होते, तसेच परसात चार झाडे लावणारेही होते. त्यांचे सांगणे साधे होते: पानावर पडणारे ऊन हे मोठे भांडवल आहे आणि ते सर्वांना फुकट मिळते. प्रत्येकाने आपल्या जागेत स्वतः प्रयोग करावा, मोजावे, लिहून ठेवावे आणि दुसऱ्याला सांगावे.

म्हणून माझी विनंती आहे की एक वही करा. कोणत्या तारखेला काय पेरले, किती दिवसांनी उगवले, पहिली काढणी कधी झाली, एवढेच लिहा. पुढच्या वर्षी कोणत्याही पुस्तकापेक्षा ती वही तुमच्या घराला जास्त उपयोगी पडेल, कारण तुमच्या गच्चीवरचे ऊन आणि वारा दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात नाही.

पहिल्या चार कुंड्या

पहिल्याच वर्षी टोमॅटोच्या मागे लागू नका. टोमॅटो मोहात पाडतो आणि रोगांना लवकर बळी पडतो. मृगाला सुरुवात करायची तर या चार घ्या.

पहिली कुंडी माठाची. लाल माठ, पोकळा किंवा तांदुळजा, जे घरात आवडते ते. बी राईहून बारीक असते, मूठभर कोरड्या मातीत मिसळून विरळ फोका आणि वर अगदी पातळ थर द्या. कोणतेही बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींपेक्षा खोल जाऊ नये, नाहीतर वर येता येता त्याची शक्ती संपते. पंचवीस-तीस दिवसांत भाजी होते. पोकळा आणि तांदुळजा उपटण्याऐवजी शेंडा खुडला तर पुन्हा फुटतो.

दुसरी मायाळूची. ही वेल आपल्या आज्यांच्या परसात असायची. बोटभर जाडीची सहा इंचांची कांडी खोचली की लागते. पाऊस तिला मानवतो, कीड कमी, आणि एक वेल वर्षभर पाने देते. आधाराला एक सुतळी बांधा.

तिसरी मिरचीची. बी पेरण्यापेक्षा रोपवाटिकेतून महिना-सव्वा महिन्याचे रोप आणा. लावल्यावर दोन-अडीच महिन्यांनी मिरच्या लागतात. हिला पाच-सहा तासांचे ऊन हवेच. पालेभाजी तीन-चार तासांवरही भागवते.

चौथी कोथिंबिरीची, पण ती वळचणीखाली, कारण जोराच्या पावसात ती सडते. घरातलेच धणे घ्या, हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवून पेरा. आठ-दहा दिवस काही दिसणार नाही. तेवढ्यात माती उकरून पाहू नका. अख्खे धणे तसेच पेरले तर उगवण कमी होते, आणि बहुतेकांची कोथिंबीर तिथेच फसते.

दिवाळीनंतर माठाच्या जागी मेथी, पालक, शेपू, मुळा घ्या. थंडीचे चार महिने नवशिक्यासाठी सर्वांत सोपे असतात. उन्हाळ्यात गवार, चवळी आणि भेंडी तग धरतात, पण पश्चिमेच्या भिंतीजवळच्या कुंड्या दुपारी अक्षरशः भाजतात. त्यांच्यावर जुनी साडी किंवा हिरवी जाळी बांधा आणि मातीवर दोन इंच पाचट अंथरा.

दुकानातून बियाणे आणाल तर गुलाबी किंवा निळा रंग दिलेले बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नका आणि उरले तर खाण्यात घेऊ नका.

पाणी, खत, कीड

तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे नको. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आणि खारट बोअरचे पाणी रोज घातले तर कुंडीच्या मातीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते. ती बुरशी नसते, क्षार असतात. म्हणजे शिवारात झाले तेच कुंडीत झाले. पावसाचे पाणी साठवून एकदा भरपूर घाला, खालून निथळू द्या, म्हणजे क्षार धुऊन जातात.

खत म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे. कंपोस्ट घरीच करायचे तर एका जुन्या माठात वाळक्या पानांचा थर, त्यावर भाजीचे देठ व साली, त्यावर थोडी माती, असे थर देत जा. वास आला तर समजा ओल जास्त झाली, वाळका पाला वाढवा. अडीच-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत मिळते.

मावा आणि पिठ्या ढेकूण दिसले तर आधी पाण्याची जोरदार धार मारा. मग निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा आणि संध्याकाळच्या वेळी फवारा. मिरचीची पाने आक्रसून वर वळली तर तिला आपण बोकड्या म्हणतो. सुरुवातीला अर्क फवारून पाहा. झाड पूर्ण आखडले असेल तर उपटून टाका, जवळच्या झाडांना तरी वाचवाल. शेतातले उरलेले औषध मात्र कुंडीवर कधीही मारू नका. ही भाजी आपण आज खुडतो आणि आजच खातो.

ज्यांना जमीनच नाही

आता मी सुरुवातीला म्हटलेला संबंध.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत फासेपारधी कुटुंबे आहेत, आणि साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात कातकरी. पारध्यांवर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायद्यातून गेला, लोकांच्या नजरेतून पूर्ण गेलेला नाही. कातकरी हे राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. या दोघांमधल्या फार मोठ्या संख्येला स्वतःच्या नावावर जमीन नाही. पाल कधी उठवावे लागेल सांगता येत नाही. पावसाळा संपला की कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टी आणि कोळशाच्या कामाला घर सोडून जातात.

अशा कुटुंबाला परसबागेचे व्याख्यान देऊन काय उपयोग? जमिनीत लावलेले झाड मागे राहते. डब्यातली मिरची आणि गोणीतली मायाळू मात्र बिऱ्हाडाबरोबर जाते. भाजीची गोणी पालाच्या तोंडाशी सावलीही करते. कुंडी हा आपल्यासाठी छंद असेल, पण जिच्या पायाखालची जमीन तिची नाही अशा बाईसाठी तेवढीच तिची शेती आहे.

तुमच्यापैकी बरेच जण 'एक होता कार्व्हर' वाचून मोठे झाले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली टस्कीगीला गेले तेव्हा प्रयोगशाळेसाठी साहित्य नव्हते. त्यांनी कचऱ्यातून बाटल्या, डबे, तारा गोळा करून प्रयोगशाळा उभी केली. दुसऱ्याच्या जमिनीवर कसणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना शाळेत येता येत नव्हते, म्हणून १९०६ साली टस्कीगीची शाळाच घोडागाडीत बसून त्यांच्या दारी गेली. आपल्या सांगलीतही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची औद्योगिक व शेतकी शाळा होती. जॉन गोहीन तिचे प्रमुख होते. मिरजेच्या दवाखान्याची आठवण आपण नेहमी काढतो, या शेतकी शाळेची फारशी काढत नाही. मातीत हात घालून शिकवणे हाही आपला वारसा आहे.

पण शिकवायला जाताना एक भान हवे. कातकरी बाईला टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली यांची जी ओळख आहे ती आपल्यापैकी किती जणांना आहे? पहिल्या पावसानंतर ती जे खुडून आणते त्याची नावेही आपल्याला येत नाहीत. म्हणून बियाण्यांची पाकिटे घेऊन एकदम वाटायला निघू नका. आधी विचारा: घरात काय खातात, पाणी किती लांबून आणावे लागते, कोणत्या महिन्यात गावाला असतात. जिथे पिण्याचा हंडा अर्धा किलोमीटरवरून येतो तिथे दहा कुंड्या देणे म्हणजे त्या बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा देणे. तिथे पावसाळ्यापुरती एक गोणी पुरे. दानाचेही पाण्यासारखेच आहे, वाफसा पाहून द्यावे लागते.

म्हणून या वर्षी मी तुमच्याकडे पैसे मागत नाही. तीन गोष्टी मागते.

एक, प्रत्येक घराने या आठवड्यात चार कुंड्या लावाव्यात. ज्याने स्वतः मायाळू जगवली आहे त्यालाच ती दुसऱ्याला देता येते. तुमची पालेभाजी सडली, मिरचीला बोकड्या आला, तर तेही वहीत लिहा. पालावर गेल्यावर त्या अनुभवाचा उपयोग होईल.

दोन, माठ, चवळी, भेंडी यांची एक-दोन झाडे न तोडता बियांसाठी राखा. संकरित बियाण्याचे बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही, म्हणून देशी वाण शोधा. वाळलेले बी राखेत घोळवून कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर नाव व महिना लिहा. मायाळू आणि पुदिन्याच्या कांड्या, कढीपत्त्याचे फुटवे पावसाळ्यातच द्यायला काढा, तेव्हाच ते लागतात.

तीन, तरुणांनी पुढच्या खेपेला माझ्याबरोबर यावे. डब्यांना भोके पाडायला, माती कालवायला आणि मुख्य म्हणजे ऐकायला. ज्या बाईकडून आपण भारंगीची भाजी कशी शिजवायची ते शिकू, ती आपल्याकडून मिरचीचे रोप आनंदाने घेईल. नुसते देणारे आलो तर ती रोप घेईल आणि आपण गेल्यावर ते वाळेल.

सभा संपल्यावर मागच्या टेबलावर मायाळूच्या कांड्या आणि माठाच्या पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येक घराने एक कांडी आणि एक पुडी न्यावी. गोणी घरची वापरा.